कवळी कोठें अडते?

घरांतील वडील माणसाची कवळी करावयाची ठरली म्हणजे सर्वांचें लक्ष दंतवैद्याकडे लागतें. माप त्यांनीं घेतलें, पैसे त्यांस दिले. कवळी बसली तर त्यांचें कौतुक आणि टोंचली तर बोलही त्यांसच. परंतु ज्या हातांनीं ती प्रत्यक्ष घडविली ते हात कोणाचे, हा प्रश्न घरांत क्वचितच निघतो. आम्हांसही तो कधीं सुचला नव्हता. आमच्या कुटुंबांतील एका काकूंच्या निमित्तानें तो सुचला, आणि त्याचा विचार करतां करतां जें हातीं लागलें तें वाचकांपुढें ठेवावें असें वाटलें.

काकूंचा सारा जन्म लातूर जिल्ह्यांत गेला. ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी हें त्यांचें अन्न. दांत गेल्यावर दोन वर्षें त्यांनीं भाकरी दुधांत कुसकरून दिवस काढले. पुढें कवळी केली. ती पहिल्या खेपेस डुलूं लागली, दुसऱ्या खेपेस हिरडीस लागली, आणि तिसऱ्या खेपेस कोठें जमली. प्रत्येक खेपेस एक मुलगा रजा काढून बरोबर जाई. आम्ही आरंभीं असेंच समजलों कीं, लॅबमधील कारागीर आळशी किंवा अडाणी असावा. चौकशी केली तेव्हां दिसलें कीं, तो गृहस्थ सकाळपासून रात्रीपर्यंत मान वर न करतां राबत होता, आणि एकच काम तीनदां करावें लागल्यानें त्याची स्वतःचीही मजुरी बुडाली होती. मग एवढे श्रम होऊनही काम पुढें कां सरकत नव्हतें? श्रम न वाढवितां अशा कारागिराच्या हातून अधिक आणि चांगलें काम कसें व्हावें?

हा कारागीर कोण?

दंतवैद्य तोंडाच्या आंत काम करतो. कवळी, कॅप, ब्रिज, दांत सरळ करण्याच्या तारा हें सर्व तोंडाच्या बाहेर, लॅबमध्यें तयार होतें. मार्च १९४८ मध्यें दंतवैद्यकाचा कायदा झाला, त्यांत दंतवैद्याबरोबरच ‘डेंटल मेकॅनिक’ म्हणून या कारागिराचीही व्याख्या केलेली होती. त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत मराठवाडा निजामाच्या राजवटींतून मुक्त झाला. त्या काळीं या भागांतील दातपडक्या म्हाताऱ्यांना पेज आणि कण्या याच आधार होत्या. आज लातूर आणि नांदेड या दोन्ही शहरांत दंतवैद्यकाचीं महाविद्यालयें आहेत. तेथून शिकून निघालेले दंतवैद्य उदगीर, अहमदपूर, निलंगा, कंधार, देगलूर, मुखेड अशा गांवीं व्यवसाय करितात. दवाखाना गांवोगांव निघूं शकतो. परंतु भट्टी, ओतकामाचें यंत्र आणि कसलेला हात गांवोगांव मिळत नाहीं. म्हणून काम मोठ्या शहराकडे धांवतें, आणि अडचणींचा आरंभ तेथूनच होतो.

कवळीचा प्रवास

कवळी किती पायऱ्यांनीं बनते हें एकदां समजून घेतलें पाहिजे. प्रथम तोंडाचें ढोबळ माप. त्यावरून प्लास्टरचा साचा. त्या साच्यावर रोग्याच्या तोंडापुरता खास ट्रे. त्या ट्रेनें पुन्हा बारीक माप. त्यावरून कठीण प्लास्टरचा पक्का साचा. त्यावर मेणाची कड उभारून दोन्ही जबडे एकमेकांवर कसे मिटतात त्याची नोंद. मग तोंडाच्या बिजागरीसारख्या एका सांगाड्यावर दोन्ही साचे बसवून मेणांत दांत लावणें. तें मेणाचें रूप रोग्याच्या तोंडांत पाहणें. पसंत पडल्यावर पितळी पेटींत प्लास्टरनें तें गाडून मेण वितळवून काढणें. त्या पोकळींत अॅक्रिलिकचें पीठ दाबून भरणें. तें गरम पाण्यांत शिजविणें. आणि शेवटीं काढून घासून चकचकीत करणें. यांपैकीं कांहीं पायऱ्या दवाखान्यांत आणि कांहीं लॅबमध्यें. म्हणजे एकच कवळी दोन ठिकाणांमध्यें तीन-चार वेळां हेलपाटे घालते. कॅपेची रीत निराळी. तेथें मेणाचा दांत कोरून त्याभोंवतीं माती ओतावयाची, मेण जाळून टाकावयाचें आणि त्या जागीं वितळलेला धातु जाऊं द्यावयाचा. पंचधातूच्या देवमूर्ति ज्या रीतीनें ओततात तीच ही रीत; टॅगार्ट नांवाच्या अमेरिकन दंतवैद्यानें १९०७ सालीं ती दंतकामांत रूढ केली. धातूवर मग चिनी मातीचे थर चढवून भट्टींत भाजले म्हणजे कॅप दांतासारखी दिसते.

इतक्या पायऱ्यांच्या कामांत पहिल्या पायरीवरची चूक शेवटच्या पायरीपर्यंत लपून राहते आणि रोग्याच्या तोंडांतच प्रथम उघडी पडते. तोंपर्यंत सर्वांचे श्रम त्यावर खर्ची पडलेले असतात.

जलद हात कीं परत न येणारें काम?

कारखान्याचा मालक उत्पादन वाढवावयाचें म्हणतो तेव्हां त्याच्या मनांत बहुधा हाताचा वेग असतो. येथें एक साधा हिशेब मांडून पाहूं. समजा, एक कारागीर महिन्यांत १०० कॅपा करतो आणि त्यांतील १० परत येतात. उपयोगी पडल्या त्या ९०. आतां त्याच हातानें, त्याच वेगानें, परत येणाऱ्या कॅपा १० वरून ४ वर आणल्या तर उपयोगी ९६ होतात. हाच ९६ चा आंकडा नुसत्या वेगानें गांठावयाचा आणि दहांत एक परत येण्याची रीत तशीच ठेवावयाची, तर त्यास सुमारे १०७ कॅपा कराव्या लागतील. आणि घाईमुळें परत येणाऱ्या वाढल्या तर तेंही पुरणार नाहीं. शिवाय परत आलेल्या कॅपेपायीं दंतवैद्याचा वेळ, रोग्याचें भाडें आणि मुलाची रजा गेली ती या हिशेबांत धरलेलीच नाहीं.

यावरून असें दिसतें कीं, लॅबमधील कामाची खरी वाढ परत येणारें काम थांबविण्यांत आहे. आणि तें परत कां येतें हें पाहूं गेल्यास कारण पुष्कळदां कारागिराच्या टेबलाच्या अलीकडेच सांपडतें.

माप रस्त्यांत सुकतें

नेहमीचें माप ज्या लेपानें घेतात तो समुद्रांतील शेवाळापासून काढलेल्या द्रव्याचा असतो. थिजल्यावरही त्यांत बहुतांश पाणीच असतें. उघड्या हवेंत तें पाणी उडूं लागतें व माप आकसतें. पाण्यांत बुडवून ठेवलें तर उलट फुगतें. म्हणून असें माप तोंडांतून काढल्यावर शक्य तों पाव तासाच्या आंत त्यांत प्लास्टर ओतलें पाहिजे. आतां वैशाखांतील मराठवाडा डोळ्यांपुढें आणा. पारा ४० अंशांच्या वर, वारा कोरडा, आणि देगलूरचें किंवा निलंग्याचें माप एसटीनें अथवा कुरियरनें शहराकडे निघालें आहे! लॅबमध्यें पोंचेपर्यंत तें केसभर कां होईना, लहान झालेलें असतें. त्यावर कितीही कुशल कारागिरानें कवळी केली तरी ती त्या आकसलेल्या मापासच बसेल, काकूंच्या हिरडीस बसणार नाहीं. आमच्या काकूंच्या पहिल्या खेपेस हेंच घडलें होतें, असें मागाहून ध्यानांत आलें.

यावर उपाय कठीण नाहींत. दंतवैद्यानें दवाखान्यांतच प्लास्टर ओतून माप न पाठवितां साचा पाठवावा. तें जमत नसेल तर दिवसचे दिवस आकार न बदलणारा चांगल्या जातीचा सिलिकॉनचा लेप वापरावा. तो महाग पडतो, पण दुसऱ्या खेपेपेक्षां स्वस्तच. आणि लॅबनें आलेलें प्रत्येक माप दारांतच तपासून, फाटलेलें, बुडबुड्यांचें किंवा सुकलेलें माप त्याच दिवशीं परत करावें. हें तिसरें कलम सर्वांत अवघड. लॅबवाल्यास भीति वाटते कीं, माप परत केलें तर डॉक्टरसाहेब रागावतील आणि काम दुसरीकडे देतील. म्हणून तो वाईट मापावर चांगलें काम करण्याची खटपट करतो आणि शेवटीं दोष आपल्याच माथीं घेतो. परत पाठविलेलें माप हा अपमान नसून सूचना आहे, हें ज्या दंतवैद्यास समजलें त्याच्या लॅबचें काम निम्मे सोपें झालें.

मापाबरोबर येणारी चिठ्ठीही तितकीच महत्त्वाची. ‘वरची कॅप, नेहमीचा रंग’ एवढ्यावर कारागिरानें काय करावें? दांताच्या रंगांची जी पट्टी सर्वत्र चालते तिच्यांतच १६ छटा आहेत. रंग दिवसाच्या उजेडांत पाहून त्याचा क्रमांक, दांताचा क्रमांक, रोग्याचें वय, शेजारच्या दांताचें छायाचित्र आणि काम केव्हां हवें ती तारीख, एवढें चिठ्ठींत असलें तर दिवसांतले कितीतरी फोन वांचतात. मुंबईचे डबेवाले डब्याच्या झांकणावरील चार खुणांवर शहरभर जेवण बिनचूक पोंचवितात. दांताच्या ट्रेवर तितक्याच स्पष्ट खुणा असावयास हरकत कोणती?

तराजू आणि घड्याळ

आतां खुद्द लॅबमध्यें जाऊं. अनुभवी कारागीर प्लास्टरमध्यें पाणी अंदाजानें घालतो, जशी आपल्याकडील सुगरण कणकेंत घालते. परंतु कणीक सैल झाली तर पोळी फार तर चिवट होते. येथें दांत बसत नाहीं. साध्या प्लास्टरच्या १०० ग्रॅम पुडीस सुमारे ४५ ते ५० घनसेंटिमीटर पाणी लागतें, कठीण जातीस २८ ते ३०, आणि कॅपेच्या साच्याच्या जातीस २२ ते २४. पाणी जास्त झालें कीं साचा ठिसूळ होतो व काम करतांना त्याची कड झडते. त्यांतून बोअरच्या क्षारयुक्त पाण्यानें प्लास्टर थिजण्याची वेळही बदलते. एप्रिल २०१६ मध्यें ज्या लातुरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें, तेथें पाण्याचा हा विचार वावगा ठरूं नये. पिण्यापुरतें शुद्ध केलेलें पाणी प्लास्टरसाठीं निराळें ठेवणें हा थोड्या खर्चाचा उपाय आहे. एक तराजू, एक मोजपात्र आणि भिंतीवर एक घड्याळ, एवढ्या सामग्रीनें जें साधतें तें पुष्कळदां महागड्या यंत्रानें साधत नाहीं.

घड्याळाचें महत्त्व कवळी शिजवितांना विशेष दिसतें. अॅक्रिलिकमधील द्रव पदार्थ सुमारे १०० अंशांस उकळूं लागतो. घाईनें एकदम उकळत्या पाण्यांत पेटी टाकली तर आंत वाफेचे बुडबुडे राहतात. कवळी सच्छिद्र होते, तींत घाण सांचते व ती लवकर मोडते. म्हणून ७४ अंशांवर आठ-नऊ तास सावकाश शिजविण्याची रीत आहे. आणि नंतर पेटी आपोआप निवूं दिली पाहिजे. हे आठ-नऊ तास दिवसाच्या कामांतून कां काढावे? सायंकाळीं दिवसभराच्या पेट्या एकत्र लावून दिल्या तर रात्र आपलें काम करते आणि सकाळीं कारागिराच्या हातीं तयार माल येतो. मात्र वीज मध्येंच गेली तर सगळ्या पेट्या एकदम बिघडण्याचा धोका आहे. यास्तव तापमान राखणारें भांडें आणि विजेची पर्यायी सोय, या दोन गोष्टींवरील खर्च हा चैनीचा समजूं नये.

चार लाटणीं, एक तवा

लग्नघरांत पोळ्या लाटावयास चार बायका बसल्या आणि तवा एकच असला तर काय होतें तें आमच्या वाचकभगिनींस सांगावयास नको. लाटलेल्या पोळ्यांचा ढीग होतो, त्या सुकतात, आणि पंगत खोळंबलेलीच राहते. पांचवी लाटणारी बसवून उपयोग नसतो. दुसरा तवा मांडावा लागतो. लॅबमध्यें हा तवा बहुधा चिनी मातीचे थर चढविणारा एकटाच निष्णात हात असतो, किंवा भट्टी असते. मेणाचें काम कितीही भराभर झालें तरी तें त्याच्या टेबलाशीं येऊन तुंबतें. म्हणून मालकानें प्रथम आपला तवा कोणता तें ओळखावें. त्या माणसास साचे धुणें, फोन घेणें, पार्सलें बांधणें हीं कामें देऊं नयेत. तीं शिकाऊ मुलाकडे द्यावीं. भट्टी एका कॅपेसाठीं न पेटवितां चार-सहा कॅपा एकत्र भाजाव्या. आणि हाताखालच्या एका मुलास तें काम सावकाश शिकवीत जावें. नाहींतर तो एक माणूस तापानें निजला कीं सबंध लॅब निजते.

शिकविण्याबद्दल मात्र दोन शब्द अधिक बोलले पाहिजेत. आपल्याकडील कारागीर विद्या राखून ठेवतो, कारण ती शिकलेला मुलगा उद्यां शेजारीं दुकान थाटील किंवा पुण्यास निघून जाईल अशी त्यास धास्ती असते. ती अगदींच खोटी नाहीं. परंतु न शिकविलेला मुलगा जें काम बिघडवितो त्याचा खर्च रोजचा असतो. प्रत्येक पायरीवर चांगल्या कामाचा एक नमुना भिंतीशीं मांडून ठेवावा आणि त्याच्याशीं ताडून पाहिल्याशिवाय काम पुढें सरकवूं नये, एवढी शिस्त लावली तरी शिकाऊ मुलगा पुष्कळसें डोळ्यांनींच शिकतो.

मजुरीची रीतही तपासून पाहण्यासारखी आहे. नगावर मजुरी दिली म्हणजे कारागीर नग वाढवितो. परत आलेला नग फुकट करावयाचा असेल तर तो दोष लपवूं लागतो. त्यापेक्षां ठरीव पगार आणि न परतलेल्या कामावर थोडें बक्षीस, ही रीत आम्हांस अधिक न्यायाची दिसते. माप वाईट असल्यानें काम परतलें तर त्याचा भुर्दंड कारागिरावर पडूं नये, हें तर उघडच आहे.

कारागिराची छाती

उत्पादनाच्या गोष्टी बोलतांना ज्याच्या श्वासावर हें उत्पादन चालतें त्याचा विसर पडूं देणें बरें नव्हे. ओतकामाच्या मातींत आणि चिनी मातींत वाळूचा अंश असतो. धातु घांसतांना कोबाल्ट, निकेल, क्रोमियम यांची धूळ उडते. अॅक्रिलिकच्या द्रवाचा उग्र वास तर दारांतच जाणवतो. अमेरिकेंत १९९४ ते २००० या काळांत पांच राज्यांमिळून नऊ दंतकारागिरांस सिलिकोसिस हा दगडफोड्यांना होणारा फुफ्फुसाचा रोग झाल्याची नोंद आहे. हा रोग बरा होत नाहीं; टाळतां मात्र येतो. टेबलाशींच धूळ ओढून घेणारा पंखा, योग्य मुखपट्टी, झाडूऐवजीं ओल्या फडक्यानें पुसणें, डोळ्यांस चष्मा, पुरेसा उजेड आणि पाठीस टेका देणारी खुर्ची, एवढें केलें तर चाळिशींतला निष्णात कारागीर साठीपर्यंत कामास राहतो. दहा वर्षें शिकून तयार झालेला हात खोकल्यापायीं गमावणें याहून मोठें नुकसान कोणत्या लॅबचें होणार?

यंत्र आलें तरी

आतां तोंडांत छोटा कॅमेरा फिरवून माप घेण्याची, संगणकावर दांत रेखण्याची आणि झिर्कोनियाच्या ठोकळ्यांतून तो यंत्रानें कोरून काढण्याची रीत आली आहे. झुरिच येथें १९८५ सालीं अशा यंत्रानें पहिल्यांदा रोग्यास दांताचें भरण करून बसविलें, तेव्हांपासून हें शास्त्र पुष्कळ पुढें गेलें. या रीतींत माप तारायंत्राच्या वेगानें येतें. उन्हांत सुकत नाहीं. कोरलेला झिर्कोनिया सुमारे १५०० अंशांवर भाजतांना पांचव्या हिश्श्यानें आकसतो. तें गणित यंत्र आधींच धरून दांत मोठा कोरतें. परंतु हीं यंत्रें महाग. लहान लॅबनें कर्जबाजारी होऊन तीं घेण्यापेक्षां कोरण्याचें काम मोठ्या केंद्राकडून करवून घेऊन रंग, झिलई आणि शेवटची जुळणी आपल्या हातीं ठेवणें शहाणपणाचें. शिवाय दवाखान्यांत दांतच नीट तासला नसेल तर कॅमेरा त्या चुकीचें हुबेहूब चित्र काढील, यापलीकडे तो कांहीं करणार नाहीं.

घरच्यांनीं काय करावें?

या सर्व खटाटोपांत आम्हां घरच्या मंडळींचाही वांटा आहे. मुंज किंवा लग्न आठ दिवसांवर आल्यावर ‘आजीची कवळी तेवढी करून द्या’ म्हणून दंतवैद्यास गळ घालणें आपण सोडलें पाहिजे. असें एक घाईचें काम रांगेंत घुसलें कीं मागचीं सगळीं कामें एकेक दिवस लांबतात, आणि तें घाईचें कामही बिघडतें. मेणांतील दांत तोंडांत पाहण्याच्या वेळीं घरांतील एक जाणतें माणूस बरोबर असावें. आजी भिडेनें ‘ठीक आहे’ म्हणते आणि घरीं येऊन रडते. जुनी कवळी किंवा दांत असतांनाचें छायाचित्र असल्यास न्यावें. कारागिरास त्यावरून चेहऱ्याची ठेवण कळते. नवी कवळी थोडीशी टोंचणें स्वाभाविक आहे; ती घरीं कानशीनें घांसूं नये, दंतवैद्यासच दाखवावी. रात्रीं ती काढून साध्या पाण्यांत ठेवावी. उकळत्या पाण्यानें धुतल्यास ती वांकडी होते.

आणि कवळी नीट बसली तर तसा निरोप दंतवैद्यामार्फत लॅबपर्यंत अवश्य पाठवावा. तेथें तक्रारी पोंचतात, समाधान सहसा पोंचत नाहीं. आमच्या काकूंनीं तिसऱ्या खेपेनंतर शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा दवाखान्यांत ठेवला आणि ‘ज्यानें दांत केले त्यास द्या’ म्हणून सांगितलें. डॉक्टरसाहेबांस प्रथम नवल वाटलें; पण डबा पोंचला. त्यानंतर त्या कारागिरानें, काकूंचे साचे जपून ठेवले आहेत, कवळी कधीं मोडली तर कळवावें, असा उलट निरोप धाडला.

काकू आतां भाकरी दुधांत कुसकरीत नाहींत. कडा मात्र अजून काढूनच ठेवतात. त्या म्हणतात, एवढी घाई कशाला, हळूहळू जमेल.